जुन्या गाडीचा चासी नंबर दुसऱ्या गाडीवर चढवता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायच्या कामात मी वीस वर्षं आहे. जीप, पद्मिनी, अँबॅसडर, येझदी, बुलेट, जे समोर येईल ते. इंजिनाचे प्रश्न गॅरेजात सुटतात. कागदांचे सुटत नाहीत, आणि ते घेऊन लोक फार उशिरा येतात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा परड्यात आणि शेडात उभ्या असलेल्या कितीतरी जुन्या गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यांचे चासी नंबर, म्हणजे गाडीच्या लोखंडात ठोकलेले ओळखीचे नंबर, गंजले, आरसी बुकांचा (नोंदणीच्या पुस्तकांचा) लगदा झाला. पुढं एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेच्या नंबर पाट्यांची सक्ती आली आणि ज्यांनी तीस वर्षं बॉनेटखालचा नंबर वाचला नव्हता, त्यांनाही तो वाचावा लागला. कागदावर एक नंबर आणि गाडीवर दुसरा, हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

लोकांनी मला जे विचारलं ते इथं एकत्र लिहितो. कलमं स्वतः वाचून आणि वकिलांना विचारून लिहिली आहेत. तुमचं प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात गेलं असेल, तर मात्र वकीलच गाठा.

दोन्ही गाड्या माझ्याच नावावर आहेत. एकीची बॉडी शाबूत आहे, दुसरीचे कागद चालू आहेत. नंबरचा पत्रा कापून शाबूत गाडीला जोडला तर कुणाचं काय जातं?

चालत नाही. दोन्ही तुमच्या असल्या तरी नाही.

गाडी तुमची असते, पण तिची ओळख ही सरकारदप्तरी केलेली नोंद असते. शेत तुमचं आहे म्हणून एका गटाचा नंबर तुम्ही दुसऱ्या गटाला लावू शकत नाही, तसंच हे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. कलम ५५(५) त्याहून नेमकं आहे. गाडीवर कोरलेला चासी किंवा इंजिन नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा आढळला, किंवा खोट्या माहितीवर नोंदणी मिळवल्याचं दिसलं, तर मालकाचं म्हणणं ऐकून आरटीओ नोंदणी रद्द करतो. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए(४) मध्ये बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

एवढ्यावर भागत नाही. भारतीय न्याय संहितेत ‘दस्तऐवज’ म्हणजे फक्त कागद नव्हे. कुठल्याही पदार्थावर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी व्यक्त केलेली गोष्ट दस्तऐवजात मोडते. त्यामुळं खोटा चासी नंबर ठोकला की पोलीस बनावटीकरणाची कलमं लावतात, आणि तशी गाडी विकली की फसवणुकीचं कलम ३१८ त्यात जोडतात. १ जुलै २०२४ च्या आधीचा प्रकार असेल तर जुन्या दंडविधानाची ४२०, ४६८, ४७१ ही कलमं येतात.

आणि ‘कुणाचं काय जातं’ याचं उत्तर: तुमच्या पश्चात ती गाडी ज्याच्या हाती जाईल त्याचं जातं. तुम्हाला माहीत आहे की दोन गाड्यांची एक केली. तुमच्या मुलाला माहीत असेलच असं नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याला तर नक्कीच नसेल. नाक्यावर किंवा पासिंगला ते उघडं पडेल तेव्हा उभा राहणारा माणूस तो असेल.

चासी नंबर नेमका कुठला? पाटीवरचा, की पत्र्यात ठोकलेला?

पत्र्यात किंवा लोखंडात ठोकलेला. पाटी, म्हणजे कंपनीनं रिव्हेटनं बसवलेली छोटी पट्टी, ही त्याची नक्कल.

पण ‘चासी’ म्हणजे काय हे गाडीगणिक बदलतं, आणि निम्मा घोळ इथंच होतो. जीपला खरीखुरी चासी असते, म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्यांची शिडी. नंबर त्या पट्टीवर असतो आणि बॉडी नुसती बोल्टांनी वर बसवलेली असते. महिंद्रानं १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतल्या. तेव्हापासून आजवर आपल्या भागातल्या किती जीपांच्या बॉड्या बदलल्या असतील, मोजदाद नाही. बॉडी बदलली तरी जीप तीच राहते, कारण नंबर असलेली शिडी तीच आहे.

पद्मिनीचं तसं नाही. पद्मिनी म्हणजे फियाट ११००, अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. दोघींना वेगळी चासी नाहीच, अख्खी बॉडी हीच चासी. बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्यावर पाटी आणि ठोकलेला नंबर दिसतो तो या एकसंध सांगाड्याचा आहे. म्हणून ‘फक्त बॉडी बदलली, चासी तीच आहे’ हे वाक्य जीपवाल्यानं म्हटलं तर अर्थ आहे, पद्मिनीवाल्यानं म्हटलं तर नाही. पद्मिनीची बॉडी बदलली म्हणजे गाडीच बदलली.

बुलेट आणि येझदीला नंबर हँडलखालच्या नळीवर, म्हणजे फ्रेमच्या गळ्यापाशी असतो, आणि इंजिन नंबर क्रँककेसवर वेगळा.

जुने नंबर आखूड असतात म्हणून घाबरू नका. आजचा सतरा अक्षरांचा नंबर आंतरराष्ट्रीय प्रमाणातून आलाय. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीवर सतरा अक्षरं ठोकलेली दिसली, तर उलट तीच शंकेची गोष्ट.

रंगकामाला पाटी काढावी लागते. रिव्हेट तोडून काढली आणि परत लावली तर गुन्हा आहे का?

त्याच गाडीची पाटी, त्याच जागी, त्याच कामात परत लावली तर तुमचा हेतू स्वच्छ आहे. पण पुरावा ठेवा. पाटी काढण्याआधीचे, काढतानाचे, लावल्यानंतरचे फोटो तारखेसकट. गॅरेजच्या बिलात एक ओळ. मी शक्य तिथं पाटी काढतच नाही. चिकटपट्टी लावून भोवती रंग मारतो. कडेला थोडं वाईट दिसतं. दिसू दे.

अमेरिकेत कॅन्सास राज्यात एका माणसानं १९५९ ची शेव्हरोले कॉर्व्हेट घेतली. आधीच्या कुणीतरी रंगकामात नंबराची पाटी काढून परत लावली होती. तपासणीत रिव्हेट वेगळे निघाले आणि पोलिसांनी गाडीच जप्त केली. खरेदीदारानं काहीच केलं नव्हतं. गाडी कित्येक वर्षं अडकली आणि २०२२ मध्ये तिथल्या विधिमंडळाला जुन्या गाड्यांसाठी कायदा बदलावा लागला. आपल्याकडं तशी सवलत लिहिलेली नाही, म्हणून फोटो जपा.

इंजिन बदललं तर?

इंजिनाचं वेगळं आहे. इंजिन झिजणारी वस्तू आहे हे कायदाही मानतो. कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी घेऊन इंजिन बदलता येतं, आणि मंजुरीविना बदललं गेलं तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा. बोजा असेल तर बँकेची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदवता येणार नाही. त्याच मेकचं, त्याच जातीचं इंजिन बदलणं त्यात अडत नाही.

आता आपल्या भागातली वस्तुस्थिती. सातारा-सांगलीत पेट्रोलवर धावणारी मूळ इंजिनाची विलीज दाखवा म्हटलं तर शोधावी लागेल. पेट्रोल परवडेना म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांनी मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. पद्मिनीत डिझेल आलं, अँबॅसडरमध्ये दुसऱ्या कंपनीचं आलं. बऱ्याच जणांनी तेव्हा नोंद करून घेतली. बऱ्याच जणांनी नव्या इंजिनाचा स्वतःचा नंबर घासून त्यावर जुन्या इंजिनाचा नंबर ठोकला, कारण मिस्त्री म्हणाला ‘आरटीओत खेटे कशाला’. हे दुसरं काम करणाऱ्यांना मी दोष देत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. ज्या नोंदीसाठी एक दिवस गेला असता, ती टाळून त्यांनी कायदेशीर बदलाचं बनावटीकरण करून ठेवलं, आणि आज त्यांच्या नातवाला ते निस्तरावं लागतंय.

तुमच्याकडं अशी गाडी आली असेल तर आणखी एकदा नंबर ठोकू नका. इंजिन कुठून आलं त्याची पावती, शपथपत्र, जुन्या विम्याचे कागद, जे असेल ते घेऊन आरटीओकडं लेखी अर्ज करा. इंजिनाची गोष्ट बऱ्याचदा सुटते. चासीची सुटत नाही.

गाडी घेताना नंबर खरा की खोटा कसा ओळखायचा?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः इथंच फसलो आहे.

२००८ साली एका व्यापाऱ्याकडून मी जीप घेतली. जुनी सीजे-३बी. आरसी बघितली, नंबर जुळला, पैसे दिले, पंधरा दिवसांत नावावर झाली. दोन वर्षांनी ती पूर्ण उघडायला घेतली. चासीवरचा रंगाचा थर काढला आणि नंबराच्या जागी बोट फिरवलं तर पट्टी तिथं किंचित खोल लागली. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं. स्टीलची पट्टी आडवी धरली तेव्हा खालून उजेड आला. कुणीतरी ग्राइंडर मारून मूळ नंबर उडवला होता आणि त्या खळग्यात आरसीवरचा नंबर ठोकला होता. आरसी दुसऱ्याच, कधीच भंगारात गेलेल्या जीपची होती.

मी पोलिसांत गेलो. जीप मुद्देमाल म्हणून जमा झाली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीत खालचा नंबर उठला. पंच, म्हणजे आकडा उठवायचा लोखंडी ठसा, ठोकताना फक्त वरचा थर दबत नाही, खालचं लोखंडही दाबलं जातं. वरून घासलं तरी तो दाब आत राहतो, आणि तिथं विशिष्ट आम्ल लावलं की दबलेला भाग वेगळ्या वेगानं झिजून आकडे दिसू लागतात. तो नंबर कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या चोरीला गेलेल्या जीपचा निघाला. ते गृहस्थ हयात नव्हते. त्यांचा मुलगा जीप बघायला आला तेव्हा नंबराकडं त्यानं पाहिलंही नाही. मागं वाकून त्यानं चासीला वेल्ड केलेली एक कडी हातात धरली. त्याच्या वडिलांनी पाण्याची टाकी ओढायला ती बसवून घेतली होती. मी ती कडी दोन वर्षं रोज बघत होतो आणि ती कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं.

तेव्हापासून मी काय बघतो ते सांगतो.

आधी रॉकेलच्या बोळ्यानं नंबरची जागा पुसा. तारेचा ब्रश मारू नका, आकड्यांच्या कडा जातात. मग पेन्सिल प्रिंट घ्या: पातळ पांढरा कागद चिकटपट्टीनं ताणून लावा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. ट्रान्सफरला आरटीओ मागतो तीच ही प्रिंट, पण तुम्ही ती पैसे देण्याआधी घ्या. कागदावर उठलेले आकडे एका रेषेत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, दोन आकड्यांतलं अंतर समान आहे का ते बघा. हातानं ठोकलेला नंबर कुठंतरी तिरका होतोच. तीनचा आठ, एकचा चार करणं सोपं असतं. तिथं एक बाजू जास्त खोल दिसते. बऱ्याच कंपन्या नंबराच्या आधी आणि नंतर चांदणी किंवा दुसरी खूण ठोकायच्या. एका टोकाला खूण आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, तर थांबा.

मग नंबराच्या भोवतीचा पत्रा. आतल्या बाजूनं, मागून हात घालून. चौकोनी तुकडा कापून बसवला असेल तर पुढून पुट्टी आणि रंगाखाली झाकतो, मागून वेल्डिंगची रेघ लागते. लोहचुंबक फिरवा, पुट्टी जाड असेल तिथं तो सैल पडतो. आणि बोट फिरवा, माझ्यासारखं दोन वर्षांनी नव्हे.

कागदांच्या बाजूनं: आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट काढा. त्यात पहिल्यापासूनचे मालक, रंग, इंजिनातले बदल असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत चासी आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची नोंदलेली आहे का तेही पाहता येतं. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते लागतं असा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे.

मला काहीच माहीत नव्हतं. मी पूर्ण पैसे मोजून, नावावर करून घेतली. तरी गाडी जाणार?

चोरीची निघाली तर जाणार. ऐकायला कठोर आहे, पण तसंच आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडं जेवढा हक्क आहे त्यापेक्षा जास्त तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. चोराकडं हक्कच नव्हता, म्हणून त्याच्याकडून पाचव्या हाताला आलेल्या माणसाकडंही नाही. आरसीवर तुमचं नाव असणं यातून तुम्हाला वाचवत नाही.

तुम्हाला काय वाचवतं? गुन्ह्यातून तुमचा प्रामाणिकपणा वाचवतो. चोरीची वस्तू बाळगल्याचा गुन्हा, कलम ३१७, तेव्हाच होतो जेव्हा ती चोरीची आहे हे माहीत असतं किंवा तसं मानायला कारण असतं. म्हणून खरेदीचा करार, बँकेतून दिलेले पैसे, तेव्हाचे फोटो ठेवा. रोखीनं आणि करार न करता घेतलेल्या गाडीचा प्रामाणिकपणा सिद्ध करणं अवघड जातं. पैसे विकणाऱ्याकडून मागता येतात, कारण विकण्याचा हक्क आपल्याला आहे ही हमी त्यानं न लिहिताही दिलेली असते. तो धंदेवाईक व्यापारी असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. मला माझे पैसे मिळाले नाहीत, करार नव्हता.

गाडी जप्त झाली आणि मालकीचा वाद सुटत नसेल, तर ताब्यासाठी कोर्टात अर्ज करा. गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडू देऊ नयेत, फोटो-पंचनामा करून योग्य माणसाला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. लोक हा अर्ज करतच नाहीत आणि तीन पावसाळे काढतात. जुन्या गाडीला एक पावसाळाही उघड्यावर पुष्कळ झाला.

पुरात नंबरची जागा गंजून नंबर वाचताच येत नाही. पुन्हा ठोकून घेऊ का?

स्वतःहून अजिबात नाही. खरा नंबर खऱ्याच गाडीवर मिस्त्रीकडून ठोकून घेतला तरी उद्या तो खोट्यासारखाच दिसणार.

आधी आहे तो गंज जपा. घासू नका, पुट्टी भरू नका. आरटीओकडं लेखी अर्ज द्या, सोबत आरसी, जुना विमा, पूर्वीच्या ट्रान्सफरची पेन्सिल प्रिंट असेल तर ती, आणि पुराचा पंचनामा. पंचनामा महत्त्वाचा, नंबर का गेला याचं ते सरकारी उत्तर आहे. मोटार वाहन निरीक्षकाची पाहणी होऊन लेखी परवानगी मिळाल्याशिवाय पंच हातात घ्यायचा नाही. चासीचा दुसरा भाग सडला असेल तर तेवढा कापून नवीन पट्टी वेल्ड करायला हरकत नाही. ती दुरुस्ती झाली. नंबर असलेला भाग मात्र सोडून कापा.

इथं मला एक गोष्ट मनापासून वाटते. ज्याच्या पद्मिनीचा सांगाडाच पुरानं खाल्ला, त्याला कायद्यात सरळ रस्ता नाही. प्रीमिअर कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढली. विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजवर त्यांचंच नाव आहे. पण कंपनीनं पद्मिनी बनवणं २००० च्या सुमारास थांबवलं, आणि अँबॅसडर २०१४ मध्ये बंद झाली. आता नवीन सांगाडा बिलासकट कोण देणार? ब्रिटनमध्ये गाडीतल्या मूळ भागांना गुण देऊन तिची ओळख टिकते की नाही ठरवायची पद्धत बरीच वर्षं होती. तसं काही आपल्याकडं यायला हवं. ते येईपर्यंत नंबर चढवणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

‘टोटल लॉस’, म्हणजे विमा कंपनीनं दुरुस्तीपलीकडची ठरवलेल्या गाडीचे कागद स्वस्तात मिळतायत. घेऊ का?

नको. गाडीशिवाय नुसते कागद विकणारा माणूस चोरीच्या गाडीला नाव विकत असतो. अपघातात चेपलेली गाडी भंगारात घ्यायची, आरसी रद्द करायची नाही, मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी उचलायची आणि नंबर बदलायचा, हा चोरांचा नेहमीचा मार्ग आहे. मिलिटरी डिस्पोजलच्या जीपा आणि जिप्सींच्या बाबतीतही लिलावाची मूळ पावती आणि त्यावरचा चासी नंबर पाहिल्याशिवाय हात घालू नका.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे. व्हिंटेज नोंदणीत नंबराकडं कानाडोळा करतात का?

उलट तिथं जास्त बारकाईनं बघतात. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली, अशी व्याख्याच आहे. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढं ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. एमएच ११ किंवा एमएच १० च्याही आधीचा, तीन अक्षरी नंबर असलेल्या गाड्यांना याचा मोठा आधार आहे. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर.

दोन गाड्यांची एक केलेली गाडी या व्याख्येतच बसत नाही.

मग संस्थानकालीन गाड्यांचं काय? त्यांच्या तर बॉड्या बदललेल्या असतात.

दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस कंपनी फक्त चासी आणि इंजिन विकायची. बॉडी बार्कर, हूपर अशा वेगळ्या कारागिरांकडून करून घ्यायची असे. आपल्या भागात सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थानं होती, आणि अशा गाड्यांना दहा-वीस वर्षांनी नवीन फॅशनची बॉडी चढवणं नेहमीचं होतं. कारखान्याच्या दप्तरात गाडी चासी नंबरानं ओळखली जाते, म्हणून बॉडी बदलूनही ओळख बदलत नाही.

ओळख कशात असते यावर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० मध्ये मोठा खटला झाला होता. १९२९ आणि १९३० ची ले माँ शर्यत जिंकलेली बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ एक कोटी पौंडांना ठरली आणि घेणारा म्हणाला, यात मूळचं काही उरलेलं नाही. न्यायालयानं मान्य केलं की भाग बदलत गेले, पण गाडी कधीही नाहीशी झाली नव्हती; एकाच गाडीचा सलग इतिहास होता, म्हणून ती तीच गाडी. मला हा निकाल फार पटतो. तिथं एकच गाडी हळूहळू बदलली. नंबर चढवताना दोन इतिहास असतात आणि त्यातला एक लपवायचा असतो.

रस्त्यावर काढायचीच नाही, हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची आहे. मग तरी?

नंबर बदलायची गरजच काय? तशीच ठेवा. नंबर नसलेली असेल तर नंबर नसलेलीच ठेवा.

आजोबांच्या नावावरची अँबॅसडर आहे, गाडी अस्सल आहे, पण आरसी हरवली आणि ऑनलाइन नोंदही दिसत नाही. दुसऱ्या गाडीचे कागद लावणं सोपं नाही का?

सोपं वाटतं, आणि अस्सल गाडीचं त्यानं वाटोळं होतं. सातारा किंवा सांगली, ज्या कार्यालयात मूळ नोंद झाली तिथं जा. जुन्या रजिस्टरांतली नोंद संगणकावर आलेली नसेल तर बॅकलॉग एन्ट्री करून घेता येते. पोलिसांत हरवल्याची तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम आरसी. आजोबा हयात नसतील तर वारसांच्या संमतीनं फॉर्म ३१. जुना नंबर माहीत नसेल तर घरातले फोटो चाळा. लग्नाच्या वरातीच्या फोटोत नंबर प्लेट बऱ्याचदा दिसते. मिरजेच्या एका घरात मला तो असाच सापडला, हारांच्या मधून दिसणारे शेवटचे तीन आकडे. त्यावरून रजिस्टरमधली नोंद निघाली. चार महिने लागले.

पार्टसाठी घेतलेल्या दुसऱ्या गाडीच्या नंबराचं काय करायचं?

हे कुणी विचारत नाही, विचारायला हवं. पार्ट काढून घेणं पूर्ण कायदेशीर आहे: दरवाजे, गिअरबॉक्स, काचा, मीटर, सीट, जे हवं ते. पण सांगाडा उरला की कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत आरटीओला कळवून तिची नोंदणी रद्द करा, आरसी जमा करा. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर ते चासी नंबरचा तुकडा कापून ठेवतात आणि तुम्हाला प्रमाणपत्र देतात. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नंबरासकट सांगाडा आणि वर आरसी, असं कधीही देऊ नका. माझ्या जीपवर बसलेला नंबर कुणीतरी असाच सोडून दिलेला होता.